स्टोव्हवाला नियमात बसतो

चौकातल्या पत्र्याच्या टपरीत तो लग्नाआधीपासून स्टोव्ह दुरुस्त करायचा. बर्नर रॉकेलमध्ये बुडवून घासायचा, पंपातला चामड्याचा वायसर बदलायचा, पिन मारायची. स्टोव्ह फरफरला की गिऱ्हाईक खूश. घर चालत होतं, मुलगी क्लासला जात होती. गरीब म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं.

मग सरकारने ठरवलं, गरिबांच्या घरात धूर नको. त्यांना गॅसजोडणी फुकट मिळू लागली आणि स्वस्तातलं रॉकेल बंद झालं. निर्णय चांगलाच होता. रोज खोकत उठणारी त्याची बायको म्हणाली, "आपणही अर्ज करू या की."

"अगं, स्टोव्हवाल्याच्या घरी गॅस? लोक काय म्हणतील?"

ती गेलीच. तुमचं उत्पन्न जास्त आहे, असं तिला गॅस एजन्सीच्या खिडकीवर सांगितलं. ती हिरमुसून परतली. त्याला मात्र बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. लोक स्टोव्ह भंगारात देऊन त्याच्यासमोरून सिलिंडर न्यायला लागले. एकाने तर सिलिंडर टपरीला टेकवून दम खाल्ला. ह्यानेच त्याला पाणी दिलं. टपरीचं भाडं थकलं, मुलीचा क्लास सुटला. पुढच्या सरकारी पाहणीत त्याचं घर गरीब ठरलं आणि गॅस मंजूर झाला.

"बघा," बायको म्हणाली, "बसलो एकदाचे नियमात."

शेगडी जोडायला आलेल्या माणसाला त्याने पाना धरून मदत केली, पण त्या रात्री गॅसवरचं जेवण काही त्याला गेलं नाही. बायकोचा खोकला हळूहळू थांबला. सकाळचा वेळ वाचू लागला, तसे तिने दवाखान्यातल्या नर्सना डबे सुरू केले. पोचवायला कोणीतरी हवं होतं आणि टपरीवर तसंही कोणी फिरकत नव्हतं. पहिल्या दिवशी डबे घेऊन दवाखान्याचा जिना चढताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर कोणी ओळखलंच नाही, ह्याचंही त्याला वाईट वाटलं.

डब्यांचा जम बसला. मुलगी पुन्हा क्लासला जाऊ लागली. यंदा पाहणीला आलेल्या तरुणाने आकडेमोड केली आणि त्यांचं अभिनंदन केलं. "तुम्ही गरिबीतून बाहेर पडलात. सिलिंडरवरची सवलत तेवढी आता बंद होईल."

"मग पुन्हा गरीब होऊ ना आम्ही," बायको आतून म्हणाली.

"तसं झालं तर परत अर्ज करा," तो तरुण समजुतीने म्हणाला.

बायकोने त्याच दिवशी डब्याचा भाव वाढवला. ते नर्सना सांगायचं काम अर्थातच नवऱ्याकडे आलं.