वाघजाईच्या घळीतली तिसरी हाक

वाघजाईवर माझी श्रद्धा होती की नुसती सवय, हे त्या दिवसापर्यंत मला धड सांगता आलं नसतं. देवासमोर बसले की माझं चित्त म्हणून ठरत नाही. माळेचे मणी बोटांतून सरकत असतात आणि मन गॅस बंद केला का, पाण्याची मोटर चालूच राहिली का, याच फेऱ्या मारत असतं. मागायचं असलं की मात्र मी नीट हात जोडते. तेही कसं, तर भाजीवालीशी घासाघीस करावी तसं. हे केलंस तर नारळ, ते केलंस तर खण. देवीने आजवर माझं कसं सहन केलं ते तिचं तिला माहीत.

त्यात आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर डोंगरांचं वेड लागलं. धाटावच्या एका कंपनीत सगळी उमर शिफ्ट करण्यात गेली, तेव्हा घराबाहेर पडायचा कंटाळा असायचा. आता घरात पाय ठरेना. फणसाडचं अभयारण्य झालं, कर्नाळ्याची पाखरं बघून झाली, कुंडलिकेच्या दरीवरची उभं राहून बघायची एक जागा सोडली नाही. रात्री मोबाइलवर कुठल्या कुठल्या चुनखडीच्या डोंगरांतल्या घळी आणि गुहा बघत बसायचे आणि मलाही बघायला लावायचे. मी म्हणायचे, जन्मभर मशीन बघितलीत, आता दगड बघा. पण त्यांना एकट्याला सोडायचा धीर मला नव्हता, कारण त्यांना साखरेचा आजार. खाण्याची वेळ चुकली की दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. म्हणून गुडघे दुखत असले तरी डबा आणि खडीसाखर पिशवीत घालून मी त्यांच्या मागे असायचे. त्यांचा डोंगर आणि माझा पहारा, असा आमचा संसार चालला होता.

दिवाळी होऊन गेली होती. हायवेवरच्या खांब गावाच्या आतल्या बाजूला ह्यांचं मूळ गाव. तिथल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की वरच्या वाघजाईच्या ठाण्यामागे जी घळ आहे, तिच्या तळाला पांढऱ्या दगडाचे थर दिसतात. आपला सगळा डोंगर काळ्या कातळाचा, त्यात पांढरं कुठून येणार, असं मी म्हटलं. तेच तर बघायचंय, असं त्यांचं उत्तर. रोह्याहून स्कूटरवर निघालो, गावात स्कूटर लावली आणि जेवणवेळेच्या आधी वर पोचलो. वाघजाई म्हणजे झाडाखाली शेंदूर लावलेली शिळा, वर टांगलेल्या चार घंटा आणि समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाहिलेल्या पाल्याच्या डहाळ्यांचा ढीग. तिथून खाली कापणी झालेली भातशेतं आणि हायवे दिसत होता. मागच्या बाजूला घळ, इतकी अरुंद की तळ दिसतच नव्हता. हे म्हणाले, "तू बस, मी आलोच." हात मोकळे असावेत म्हणून पिशवी माझ्याकडे दिली. डबा त्यातच, खडीसाखरही त्यातच, आणि ही गोष्ट ते दगडाआड गेल्यावर माझ्या लक्षात आली.

आलोच म्हणणारा माणूस येईना. आधी मी रागावले, मग घाबरले. सावली शिळेवरून सरकून माझ्या पायावर आली, जेवणाची वेळ केव्हाच टळली. मोबाइलला रेंज नाही. मी काठाशी जाऊन हाक मारली, "अहो!" घळीने माझीच हाक मला परत दिली. इथे एक सांगायला हवं. मी पेणकडच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांची लेक. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. कागदावर लिहिलं असेल, पण दवाखान्यातसुद्धा कुणी विचारलं तर मी ह्यांना कोपर मारते आणि ते स्वतः सांगतात. नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेवढंच. तेव्हा मी "अहो, ऐकलंत का" असाच गळा फाडत राहिले. थोडं खाली उतरून बघितलं, पायाखालचे दगड सुटायला लागले, परत वर आले. पुन्हा उतरले, पुन्हा आले. बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

मग नेहमीप्रमाणे घासाघीस सुरू झाली. आई, नारळ देते. साडीचोळी देते. मंगळवार धरते. अलवण जेवते, मिठाचा कण घेत नाही. माझं बोलणं वाढत गेलं आणि शिळा आपली गप्प. शेवटी मला संताप आला. तुझ्या दारात बसलेय, आणि तुझ्याच दारातून माझा माणूस जातो म्हणजे काय, असं मी देवीला मोठ्याने विचारलं. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात देवी नव्हतीच, एक रंगवलेला दगड होता. पिशवीतली खडीसाखर मुठीत धरून मी रडत होते.

"कुणाला हाका मारतेस गो?" मागून आवाज आला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई पायवाटेवर उभी होती. माझ्याहून थोडी मोठी असेल, काटक, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं.

"घरवाल्यांना," मी म्हटलं. माझी माहेरची बोली आपोआप तोंडात आली. "घळीत उतरलेत. साखरेचा आजार हाय त्यांना, आणि खाणं माझ्यापाशी राह्यलंय."

तिने भारा उतरून ठेवला. "मंग अहो अहो काय लावलंस? हितं येतो तो परत्येक बाप्या कुणाचा ना कुणाचा अहो हाय. नाव काय त्याचं?"

मी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. खरंच फुटेना. नवरा घळीत, सूर्य डोंगराकडे कललेला, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. "सांगतेस नाव का काळोख पडायची वाट बघतेस?" असं तिने विचारलं, आणि मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं त्याचं मला आजही हसू येतं आणि रडूही. नाव ज्या एका वाटेने माझ्या तोंडी यायचं, त्याच वाटेने आलं.

"मिठागराच्या वाफ्यात पांढरंशुभ्र मीठ, मधुकररावांचं नाव घेते, ऐका सगळे नीट."

हुंदके देत, नाक पुसत मी डोंगराच्या कड्यावर उखाणा घेतला. ती बाई खळखळून हसली, पण त्या हसण्यात चेष्टा नव्हती. म्हणाली, "बरा हाय उखाणा. आता राव सोड, मीठ सोड. नुसतं नाव घे आणि मार हाक."

मी काठावर उभी राहिले. "मधुकर!" आवाज चिरकला. काही नाही. "मधुकर!" एक पाखरू उडालं, बाकी काही नाही. मी खालीच बसले. वाटलं, संपलं. बाईने दंडाला धरून उठवलं. "माणूस कुठला तुझा?" हितलाच, खांबकडचा, मी सांगितलं. "मंग बसतेस काय? अजून एक मार." तिच्या हाताची पकड मला आठवते. त्या वेळी मी देवीला काही कबूल केलं नाही, काही मागितलं नाही, रागावलेही नाही. होतं नव्हतं ते त्या एका हाकेत घातलं.

"मधुकर!"

आणि घळीतून आलं, "ओ."

मी बसून, घसरत, हात सोलून घेत खाली गेले. एका मोठ्या दगडाच्या आड हे बसले होते. पांढऱ्या थरावरून पाय घसरून घोटा सुजलेला, सदरा घामाने चिंब, चेहरा मातीसारखा. मला बघून विचारलं, "तूच हायस ना?" मी खडीसाखर त्यांच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळाने डोळ्यांत ओळख आली. हाका ऐकून खालच्या शेतावरून दोघेजण आले, त्यांनी ह्यांना उचलून वर आणलं.

नंतर दवाखान्यात कळलं ते असं. ह्यांना माझी प्रत्येक हाक ऐकू येत होती. पण त्यांच्या गावात लहानपणापासून मुलांना शिकवतात की रानात नावाशिवाय आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, तो चकवा असतो. नावाने आली तरी तिसऱ्या हाकेलाच द्यायची, कारण चकव्याला तिसरी हाक मारता येत नाही. एरवी हे असल्या गोष्टींना हसतात. पण साखर उतरली, डोकं चालेना, तेव्हा लहानपणचं तेवढंच उरलं. मी मारलेल्या प्रत्येक "अहो"ला ते दगडाला आणखी चिकटून बसत होते. म्हणजे मी खाडीची रीत सोडत नव्हते आणि ते डोंगराची. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर शुद्ध हरपली असती.

पुढच्या मंगळवारी मी दोन ओट्या घेऊन गेले, एक देवीची आणि एक त्या बाईची. त्या दिवशी ह्यांना घळीतून वर आणलं तेव्हाच पायवाटेवर ना भारा होता ना ती. गावात विचारलं तर सगळ्या हसल्या. "गवताला कोण जात नाय? कुठली म्हणून सांगू तुला?" वरच्या वाडीवरची असेल, असं एकीने सांगितलं. वाडीवरच्या म्हणाल्या, आमची नाय. शेवटी दोन्ही ओट्या मी वाघजाईपुढेच ठेवल्या. ती कोण, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. बाई असेल तर तिचं भलं होवो. मला एवढंच दिसतं की साडी, नारळ, मंगळवार, जे जे मी देऊ केलं त्याला तिथे कुणी हात लावला नाही. जे मी इतकी वर्षं मुठीत आवळून धरलं होतं आणि जे सोडायचं असतं हे मला माहीतही नव्हतं, तेवढंच सुटलं आणि माझा माणूस मला परत मिळाला. त्या कृपेपुढे माझं मन अजूनही भरून येतं.

माझी चुळबुळ काही गेलेली नाही. दिवा लावून बसले की मन अजून गॅसकडे धावतं. मग मी माळ खाली ठेवते आणि बसल्या जागेवरून हळूच हाक मारते, "मधुकर." बाहेरच्या खोलीतून काही येत नाही. "मधुकर." पेपरचं पान उलटल्याचा आवाज येतो. हे मुद्दाम करतात, मला माहीत आहे, तरी तेवढा वेळ माझा जीव घळीच्या काठावर असतो. तिसऱ्या हाकेला ओ येते. मग माझे हात आपोआप जोडले जातात, आणि मागायचं काही आठवत नाही.