टेन्शन नको म्हणून

मला चौथा महिना होता. पिपरी मेघेत आमच्या घराजवळच्या दवाखान्यात त्या दिवशी तपासणीआधी कार्यक्रम होता: बायकोसोबत येणाऱ्या नवऱ्यांचा सत्कार. असे नवरे दोनच निघाले. प्रमुख पाहुणे मातृशक्तीवर अर्धा तास बोलले. खुर्च्या पाहुण्यांना लागल्यामुळे मातृशक्ती सतरंजीवर बसली होती. माझ्या नवऱ्याला शाल आणि नारळ मिळाला. मी टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या, हे कबूल करायला हवं. दोन महिने तो बाहेरच्या खोलीत झोपत होता, 'तुझी झोप मोडायला नको' म्हणून. बहिणीला फोनवर मी हे कौतुकाने सांगितलंही होतं.

नंतर सिस्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. आधीच्या आठवड्यात घेतलेल्या रक्तात सिफिलिस निघाला होता. 'गुप्तरोग' हा शब्द त्या हळू बोलल्या, पुढचं मात्र स्पष्ट.

"घाबरू नको बाई. सुया घेतल्या का बरा होते. पण पोटातल्या लेकराले लागू शकते, म्हणून आजच सुरू करू. नवऱ्यालेही तपासा लागन. बोलावू त्याले?"

मी होकारार्थी मान हलवली. तो शाल पांघरूनच आत आला. सिस्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "माझं झालं मॅडम. नागपूरले तीन सुया घेतल्या. दोन महिने झाले."

सिस्टरांचं पेन थांबलं. "अन् हिले काऊन नाई सांगितलं?"

"तिले टेन्शन नको म्हणून."

"वा! अन् लेकराले चालते?"

त्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला. हा आजार त्याला कुणाकडून आला, ते मी विचारलं नाही. तो बरा होत होता तेव्हा पोटातलं बाळ धोक्यात होतं, आणि हे घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

दर आठवड्याला एक, अशा तीन सुया मी घेतल्या. मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. डॉक्टर म्हणाले, लेक ठणठणीत आहे.

घरी तो दारातच उभा होता. "काय आलं?"

"जेवून घे," मी म्हटलं.

चहाच्या वेळी त्याने पुन्हा विचारलं, नंतर विचारणंही सोडलं आणि पाळण्याशी बसून राहिला. कागद माझ्या पर्समध्ये होता. दोन महिने सांगायचं नाही, असं मी रस्त्यातच ठरवलं होतं. त्याच दिवशी दिवेलागणीला मी तो कागद त्याच्या पुढ्यात टाकला.

त्याला दोन महिने कसे जमले, मला अजून कळलेलं नाही.