बिनतिखटाची पंगत

पांढऱ्या सॉसची वाफ चेहऱ्यावर आली आणि त्या वासात मला काहीच ओळखीचे सापडेना. ना लसणाची फोडणी, ना भाजलेल्या मिरचीचा ठसका. नुसता तापलेल्या दुधाचा आणि लोण्याचा सौम्य, संकोची गंध. चिखलीत नव्याने उघडलेल्या त्या इटालियन हॉटेलात आम्ही अमडापूरचे तिघे मित्र, पन्नाशी ओलांडलेले, भास्कर, दिलीप आणि मी, अगदी परक्याच्या घरी आल्यासारखे अंग चोरून बसलो होतो.

तिथे जायचे कारण भास्कर. गेल्या वर्षी त्याच्या गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, मग रेडिएशनचे शेक दिले. तेव्हापासून त्याचे तोंड दोन बोटांपुरतेच उघडते आणि तिखटाचा कण लागला तरी डोळे भरून येतात. आणि आमच्याकडे मैत्री म्हणजे तरी काय हो? वावरातली, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्यांची पंगत, वांग्याची झणझणीत भाजी, घाम पुसत एकमेकांना केलेला आग्रह! त्या पंगतींना त्याला बोलावणे मी हळूहळू सोडून दिले. त्याच्यासमोर आपण जेवायचे कसे, हे मी स्वतःला कितीदा विचारले. त्याने एकट्याने जेवायचे कसे, हे एकदाही नाही. दयेचे नाव घेऊन आपण माणसाला किती अलगद पंगतीतून उठवतो! परवा बाजारात भेटला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काऊन बे, वावरातलं जेवण बंद केलं का तुमी?" त्याच दिवशी मी दिलीपला गाठले.

म्हणून हा बेत. त्याला वेगळे वाटू नये यासाठी तिघांनीही एकच, बिनतिखटाचा पास्ता मागवायचा, असे दिलीपने आणि मी आधीच ठरवले होते. वेटरला ते पटेना. "साहेब, हिरवी मिरची टाकल्याबिगर इथं कोनी खातच नाई," तो काकुळतीने म्हणाला. दिलीपने त्याला बाजूला नेऊन बजावले.

भास्करने पहिला चमचा ओठांच्या कोपऱ्यातून सावकाश आत सरकवला. मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहत राहिलो. पाहत कसला, नुसता कान देऊन होतो. घोटभर पाणी, पुन्हा चमचा. कडेने ओघळलेला सॉस त्याने रुमालाने टिपला आणि पुन्हा चमचा भरला. तो जेवत होता! चारचौघांत, उजेडात, मान वर करून जेवत होता. मी मात्र अजून ताटलीत नुसता चमचा फिरवत होतो. दिलीपचा तर एक हात बराच वेळ टेबलाखालीच होता.

"दिल्या, खाली काय करून राह्यला बे?" भास्करने विचारले.

"काई नाई."

"काहाड तो ठेचा. वास येऊन राह्यला मले. गाल कापला माह्या, नाक नाई!"

ओशाळलेल्या दिलीपने घरून आणलेली डबी टेबलावर ठेवली.

"खा बे आता. मयतीले आल्यासारखे बसले दोघं!"

आम्ही हसलो. आधी दबकत, मग इतके, की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. त्या हसण्यात माझे महिनोन्महिन्यांचे अवघडलेपण विरघळून गेले. ज्याला जपायचे म्हणून आम्ही इतके दबून वागलो, त्यानेच आम्हाला मोकळे करावे ना!

आपली ताटली निपटून झाल्यावर भास्कर म्हणाला, "पुढच्या पंगतीले सांगजा. मी घरून दूध-पोळी आनीन माह्यी. पन भाजी वाढाले मीच राहीन. दिल्या लय हात आखडते."

"हाव," मी म्हणालो. मग मी डबी पुढे ओढली, पास्त्यावर ठेचा घेतला, आणि भास्करच्या देखत, त्याची नजर न टाळता, पहिला घास घेतला.