चार बोटं लांब दुर्बीण

दुर्बिणी करणाऱ्यांचा आमचा मेळावा वर्षातून एकदा भरतो, एका शाळेच्या मैदानावर. टेलर मास्तर पहिल्यापासून येतात. रिकाम्या हाताने कधी आले नाहीत आणि स्वतःची दुर्बीण घेऊनही या वर्षापर्यंत कधी आले नव्हते. आमच्या दुर्बिणींना काळ्या कापडाच्या खोळी शिवून आणायचे. माझी दुर्बीण दोनदा रंगवून झाली, खोळीची शिवण अजून उसवलेली नाही.

मी कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. मास्तरांनी दुर्बिणीत भिंगाच्या जागी लागणारा आरसा स्वतः घासायला घेतला तेव्हा मला वाटलं, बसून काम करणारा माणूस, महिन्याभरात सोडेल. नाही सोडलं.

आरसा घासणं म्हणजे काय, ते सांगतो. वाळू भरलेला ड्रम उभा करायचा. त्यावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली पूड. वरची काच पुढे-मागे ढकलायची, जराशी फिरवायची, आपण एक पाऊल सरकायचं. असं ड्रमभोवती चालत राहायचं आणि पूड बारीक करत जायची. एक जाड कण राहिला की ओरखडा. मग पुन्हा मागच्या पुडीपासून. यात पळवाट नाही. मास्तरांना दोनदा मागे जावं लागलं. दोन्ही वेळा गेले.

ड्रम मास्तरांच्या स्वयंपाकघरात होता. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, दुसरी जागाच नव्हती. वहिनी दुकानात काजं आणि तुरपाई करतात, घरातलं बाकी सगळं करतात, आणि तेही ड्रमला वळसा घालून.

“सवत आणली असती तर तिने निदान भांडी तरी घासली असती,” त्या मला म्हणाल्या. “हा नुसताच मध्ये उभा.”

या वर्षी दुर्बीण तयार झाली आणि मास्तरांच्या डोक्यात लगेच पुढचा, मोठा आरसा शिरला. वहिनींनी अट घातली. त्या स्वतः मेळाव्याला येणार. चंद्र नीट दिसला तर ड्रम राहील. नाही दिसला तर भंगारवाल्याच्या गाडीवर.

सूर्य मावळला. शाळेच्या छपरावर चंद्राची कोर होती, फार वेळ टिकणारी नव्हती. आमच्यात एक रीत आहे. नव्या दुर्बिणीतून करणाऱ्याने सगळ्यांत शेवटी बघायचं. त्याला हवं तेच दिसतं, म्हणून. पहिला डोळा चष्मेवाल्याचा. मेळावा तोच भरवतो.

त्याने डोळ्याकडचं भिंग आत ढकललं. अजून ढकललं.

“मास्तर, चंद्र आहे. पण साबणाच्या पाण्यात पडलाय.”

मीही बघितलं. भिंग आत जाईल तशी कोर आवळत होती, पण पुढे जायला जागा नव्हती. म्हणजे चित्र नळीच्या आतच तयार होत होतं आणि भिंग तिथवर पोचत नव्हतं.

“नळी लांब झालीय. मापाने कापली होती ना?” मी विचारलं.

“मापानेच.” मास्तर घुटमळले. “फक्त चार बोटं माया ठेवली.”

कपडा पुढे सैल करावा लागला तर, म्हणून शिवणीत जास्तीचं कापड सोडतात, ती माया. मास्तरांचा हात जन्मभर तेच करत आलाय. पुठ्ठ्याच्या नळीवरही त्याने तेच केलं.

“का?” वहिनी म्हणाल्या. “दुर्बिणीचं पोट सुटणार होतं?”

चष्मेवाला हसून हसून खाली बसला. मास्तर हसले नाहीत.

उपाय सोपा होता. नळी खालून चार बोटं कापायची आणि आरसा तेवढा वर बसवायचा. मास्तरांनी आरसा काढला आणि तो पोटाशी धरून उभे राहिले.

“जास्त कापली गेली तर? राहू दे. पुढच्या वर्षी बघू.”

म्हणजे ड्रम गेलाच होता. वहिनींनी नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढ्यात चष्मेवाल्याने माझ्या पेटीतली करवत उचलली आणि अंदाजाने नळीवर टेकवली.

“अहो, थांबा!” वहिनी ओरडल्या. “वाकडं जाईल! असं कापतात का कुठे?”

त्यांनी पिशवीतून टेप आणि खडू काढला. चार बोटांचं माप घेतलं, टेप नळीभोवती गुंडाळली, कडेला कड जुळवली आणि खडूने गोल रेघ मारली.

“आता कापा. आणि रेघ सोडू नका.”

कापायला मी बसलो. चंद्र छपराकडे उतरत होता, तरी घाई केली नाही. घाईची करवत पुठ्ठा फाडते. मास्तरांनी आरसा बसवला, स्क्रू पिळले, चंद्र धरला.

“पहिला डोळा वहिनींचा,” चष्मेवाला म्हणाला. “रेघ त्यांची आहे.”

वहिनी डोळा लावून उभ्या राहिल्या, त्या हलेचनात.

“अगं, दिसतंय का?” मास्तरांनी विचारलं.

चंद्र सरकला की त्या दोन बोटांनी नळी सरकवत होत्या.

“मागे रांग लागलीय.”

“लागू दे.”

रांग लागलेलीच राहिली. कोर छपरामागे गेली तेव्हा वहिनींनी डोळा काढला. बाकी कोणाला काही दिसलं नव्हतं. मास्तरांनाही नाही.

“धार कशी होती?” मास्तरांनी हळूच विचारलं. एक टाका चुकला तर त्यांची शिवण उसवायला लावणारी बाई होती ती.

“नव्या कात्रीने कापल्यासारखी. एक धागा बाहेर नाही.”

मास्तर तिथेच गवतावर बसले आणि आता मनसोक्त हसले.

“मग ड्रमचं काय?” मी विचारलं.

“खिडकीकडे सरकवायचा,” वहिनी खडूचे हात पुसत म्हणाल्या. “भोवती दोघांना फिरता यायला हवं. मोठी काच यांना एकट्याने ढकलवणार आहे का?”