खोडलेली ओळ

चूक माझीच. मुलीच्या कॉलेजच्या ऑनलाइन अर्जात कुटुंबाच्या पार्श्वभूमीचा एक ऐच्छिक रकाना होता. तिने लिहिलं होतं, 'आई मिझो, बाबा मराठी.' ती पाणी प्यायला उठली आणि मी ती ओळ खोडली. रिकाम्या रकान्यात उभी रेघ तेवढी लुकलुकत राहिली. मला त्या रेघेचीही भीती वाटली.

भीती जुनीच आहे. बाजारात बायकोला कुणीतरी "ए चिनी" म्हणालं, तेव्हा मी मान खाली घालून मेथीची जुडी निवडत राहिलो होतो. वसतिगृहात लेकीला कोण काय म्हणेल, या विचाराने आताही बोट थेट खोडायच्या कळीवर गेलं. माणसाला जपता जपता आपण त्यालाच किती सहज पुसून टाकतो!

लेक परत आली. "बाबा, आणि माझे डोळे कुठे लपवणार?" ती हसली, पण नजर रिकाम्या रकान्यावर होती.

"राहू दे गं, घाबरलेत ते," दारातून बायको म्हणाली.

तिने माझीच बाजू घेतली, हे मला सोसवेना. मी उठून तिच्यापाशी गेलो.

"अगं, मी तुलाच खोडलं. लिहू दे तिला ते परत. मला माफ कर. भीती मात्र अजून वाटतेय."