शेजारची जागा

सुमन, माझी बायको, गेली तेव्हाही तिला हे माहीत नव्हतं. मुलांना माहीत नाही. ऑफिसात ज्यांच्या शेजारी आयुष्य काढलं त्यांच्यापैकी कुणाला कधी संशय आला नाही. देवापुढं बसतानासुद्धा मी ही गोष्ट बाजूला ठेवूनच बसत आलो. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही—बहुतेक म्हणूनच जमतंय.

कुठून सुरू करू? सहलींपासून करतो. तेवढा भाग सांगायला बरा आहे.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. मी बेळगावात एका सरकारी ऑफिसात कारकून होतो. आम्ही शहापूरचे, तीन पिढ्यांचे. राहायला मात्र भाड्याच्या दोन खोल्या आणि सकाळी नळावर रांग. यशवंत आमच्याच ऑफिसात नकाशे काढायला होता. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, मूळचा निपाणीचा. त्याच्या आईनं तंबाखूच्या वखारीत राबून त्याला शिकवलं होतं. घर बौद्ध. हे त्यानं मला पहिल्याच महिन्यात, डबा उघडता उघडता सांगितलं—लपवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. आडनाव मात्र गावावरून पडलेलं, त्यामुळं आपणहून कुणाच्या लक्षात यायचं नाही. मी त्याच्या डब्यातलं खाल्लं, त्यानं माझ्यातलं. आणि हे मी चारचौघांत सांगत असे, तेही लिहून ठेवतो. आपण किती सुधारलेले, हे दाखवायला यशवंत मला फार उपयोगी पडला.

महिन्यातून एखाद्या रविवारी दोन्ही घरं मिळून बाहेर पडायची. राजहंसगड, वैजनाथचा डोंगर, राकसकोप. आम्ही दोघं, आमचा अजित आणि नीता. यशवंत, त्याची बायको कमल आणि कडेवरचं पोर. त्याची आई निपाणीहून आलेली असली की तीही यायची. तिला आम्ही सगळे आक्काच म्हणत असू. आक्का वाटेनं चालता चालता पाथरी, कुर्डू खुडून पदरात टाकायची आणि नीताला दाखवायची, "ही बघ गं बाय, ही कवळी हाय तवरच खुडायची." दुपारी तीन दगडांच्या चुलीवर तीच भाजी शिजायची. मुलं घरी पानात टाकायची, तिथं बोटं चाटून खायची.

यशवंत भर वाऱ्यात एका काडीत चूल पेटवायचा. झाडावर चढायचा. पानाची शिट्टी करायचा. अजित त्याच्या मागं मागं. आणि मी? मी वर्तमानपत्र घेऊन जायचो. झाडाखाली बसून वाचायचो, मधूनच "लांब जाऊ नका रे" म्हणायचो. कुणी ऐकत नसे. यशवंत नुसता "अजित" म्हणाला की पोरगं थांबायचं.

हे मला टोचत होतं का? तेव्हा विचारलं असतंत तर हसलो असतो.

मग जागेचा विषय निघाला. शहर वाढत होतं, भाड्यानं राहून दोघंही कंटाळलो होतो. सहलीहून येताना आम्ही प्लॉट बघायला लागलो. मच्छेला स्वस्त होते, पण कारखान्यांचा भोंगा आणि धूर. टिळकवाडीत आमची ऐपत नाही. शेवटी हिंडलग्याला एका शेतकऱ्यानं—सगळे त्याला आप्पा म्हणत—आपल्या माळरानाचे प्लॉट पाडले होते, तिथं दोन लागून होते. पूर्वेला उघडं, वारा चांगला, बस कोपऱ्यावर. तुरुंग जवळ म्हणून कमल जरा नाक मुरडत होती, पण सुमननं तिला समजावलं. दोघींनी त्या रिकाम्या मातीवर काटक्यांनी रेघा ओढून स्वयंपाकघरं मांडली. मधे भिंत घालायचीच नाही, असं त्यांचं ठरलं. अक्षयतृतीयेला विसार द्यायचा, असं आमचं.

त्याच्या आधीचा महिना. आम्ही राकसकोपच्या अलीकडं नदीकाठी गेलो होतो. पाणी गुडघाभर. नीता एका शेवाळलेल्या दगडावरून घसरली आणि पाण्यात बसली. फार काही नाही, पण ती घाबरली, नाकातोंडात पाणी गेलं. मी काठावरच होतो, तिच्यापासून चार पावलांवर. पायात बूट होते. मी—मी बुटांकडे बघितलं. तेवढ्यात यशवंत वरच्या अंगानं धावत आला, तसाच पाण्यात शिरला आणि तिला उचललं. मी हात पुढं केले. नीतानं माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. माझ्याकडं आलीच नाही. सुमन पंचा घेऊन धावली आणि हसत हसत म्हणाली, "अहो, बूट तरी काढायचे होते."

एवढंच. ती ते विसरूनही गेली असेल. मी आज लिहितोय तरी कान गरम होतात.

पुढच्या बुधवारी मी एकटा सायकलनं हिंडलग्याला गेलो. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल हवी होती, ते खरं. आप्पानं चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "दुसरं सायेब बी येत्यात न्हवं तुमच्यासंगं?"

त्यानं एवढंच विचारलं होतं. जात विचारली नव्हती. मी "येतात की" म्हणून गप्प बसू शकलो असतो. मी म्हणालो, "येणार की. लई चांगला माणूस. निपाणीचा, बौद्ध आहे—मला काही त्याचं नाही हं. तुम्हाला आपलं माहीत असावं."

आप्पा चहा फुंकत राहिला. "असं व्हय," म्हणाला. मग बैलाच्या खुराचं सांगायला लागला.

परत येताना सायकल हलकी चालत होती. खोटं सांगत नाही—मला बरं वाटत होतं.

मी जात पाळत नव्हतो, असं स्वतःला पुढं कितीतरी वर्षं सांगितलं. मला फक्त तो शेजारी नको होता. रोज, भिंतीला लागून, माझ्या मुलांसमोर नको होता. पण त्याला दूर करायला माझ्या हाताला काय लागलं? तेच. शोधावंसुद्धा लागलं नाही. मग डब्यातलं खात होतो ती काय होती—सुधारणा?

इथवर सांगून थांबता आलं असतं. पण खरं सांगायचं आहे ते पुढचं आहे.

त्याच आठवड्याच्या रविवारी यशवंतनं आक्काला जागा दाखवायला आणलं. आम्हीही होतो. म्हातारीनं प्लॉटवर पाय ठेवायच्या आधी चपला काढल्या. वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळून बघितली. तेवढ्यात आप्पा आला. आक्कानं दोन्ही हात जोडले आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "जय भीम, पाव्हणं. लई ग्वाड जागा हाय तुमची."

आप्पानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. आम्हा दोघांनाच कळलं.

मंगळवारी त्याचा निरोप आला. शेजारचा प्लॉट मेव्हण्याला द्यायचं ठरलंय. यशवंत सायकल काढून गेला आणि तसाच परत आला. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. सांत्वनाला. का बघायला? मला नक्की सांगता येत नाही.

आक्का तांदूळ निवडत बसली होती. यशवंत भिंतीला टेकून उभा. एरवी तो आमच्यासारखंच बोलायचा. त्या दिवशी निपाणीची बोली वर आली होती. "तुला कुनी सांगितलंतं जय भीम घालायला? गप नमस्कार करून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"रोज म्हणते तसंच म्हणले रं. त्यात काय वंगाळ हाय?"

"वंगाळ न्हाय! पर जागा गेली न्हवं?"

ज्यानं कधी काही लपवलं नव्हतं, तो माणूस आपल्या आईला लपायला सांगत होता. त्याला ते तोंडातून निघताच कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

आक्का माझ्याकडं वळली. "अण्णा, तुमीच सांगा. तुमी शिकलेली मानसं. माज्यामुळं गेली व्हय वो जागा?"

बघा—तिनं सरळ विचारलं होतं. 'नाही' म्हणायला मला आप्पाचं, माझं, कशाचंच नाव घ्यावं लागलं नसतं. नुसतं 'नाही, आक्का'.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो आक्का. तुम्हाला काय ठाऊक, इथले लोक कसे असतात."

किती मायेनं म्हणालो. कमलनं माझ्याकडं कृतज्ञतेनं बघितलं. आक्कानं मान खाली घातली आणि तांदळातले खडे वेचत राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती निपाणीला गेली.

सुमनला राग आला होता. "मग आपणही तिथं नको. मच्छेला दोन्ही मिळतील," असं ती आठवडाभर म्हणत होती. मी मुलांची शाळा पुढं केली, बस पुढं केली. शेवटी यशवंतच म्हणाला, "अण्णा, तुम्ही सोडू नका. तुमचं का नुकसान?" मी लगेच ऐकलं.

ऐंशी साली आम्ही हिंडलग्याच्या घरात राहायला गेलो. मेव्हणा वगैरे कुणी आला नाही. शेजारी एका वकिलानं घर बांधलं आणि पुरुषभर उंचीची भिंत घातली. यशवंतनं दोन वर्षांनी मच्छेला तीन खोल्या बांधल्या. घर बघायला आम्ही गेलो तेव्हा आक्का दिसली नाही. मी विचारलं. कमल म्हणाली, "बोलावलं होतं. म्हणाल्या, मी आले की कायतरी इपरीत होतं, तुमी ऱ्हावा सुखानं."

सुमन डोळे पुसत होती. मी पेढा खात होतो.

सहली पुढं तीन-चार झाल्या असतील. मग कुणाचं काही, कुणाचं काही. नीता मधून मधून विचारायची, यशवंतकाका आपल्या शेजारी राहणार होते ना? मी म्हणायचो, त्यांना मच्छेलाच सोयीचं पडतं. तिनं ते खरं मानलं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आक्का आजारी पडली. वखारीतल्या धुळीनं छाती गेलीच होती. यशवंतबरोबर मीही निपाणीला गेलो. मी खाटेजवळ गेलो तर तिनं मला ओळखलं. हात जोडले. म्हणाली, "नमस्कार, अण्णा."

कमलनं मला नंतर हळूच सांगितलं—बाहेरच्या माणसापुढं त्या आता नमस्कारच म्हणतात. दहा-अकरा वर्षं झाली.

यशवंत औषध आणायला गेला. कमल पाण्याला गेली. अर्धा तास मी आणि आक्का दोघंच होतो. शुद्धीवर होती, बोलत होती. राजहंसगडावरच्या पाथरीच्या भाजीची आठवण काढली, नीताच्या लग्नाचं विचारलं. मला दुसरं काही करायचं नव्हतं, फक्त सांगायचं होतं—आक्का, तुमच्यामुळं नाही गेली जागा. तेवढे शब्द तोंडात आले होते. मी मोसंबी सोलली. एकेक फोड सोलून, बिया काढून तिच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, "लई करता वो अण्णा आमचं."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

माती देऊन परत आल्यावर यशवंत घराच्या मागं उभा होता. मी जवळ गेलो. तो म्हणाला, "आयुष्यात एकदाच आईला तोडून बोललो, अण्णा. त्या जागेवरनं. तेवढं एक राहिलं." आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

यशवंत आहे अजून. मुलाच्या संसारात आहे, मच्छेलाच. दोन-चार महिन्यांनी त्याचा फोन येतो. या की एकदा, अण्णा, म्हणतो. बस दारात थांबते. मी त्याला गुडघ्यांचं कारण सांगतो. चालवत नाही रे आता, म्हणतो.

माझे गुडघे चांगले आहेत. रोज सकाळी तास-दीड तास फिरून येतो.