पेटीतला क्रूस, पेटीतला बुरखा

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास, हिंगणघाटच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात माझ्या गळ्यात लाकडी क्रूस घालण्यात आला. तो शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या वेशभूषेच्या पेटीतला होता. शेजारी उभ्या असलेल्या शमीमआपांना काळा बुरखा देण्यात आला. तोही त्याच पेटीतला.

कार्यक्रम सर्वधर्म संवादाचा होता. मी ख्रिस्ती, आपा मुसलमान. आमच्या कपड्यांवरून ते कळत नव्हतं, ही आयोजकांची अडचण होती. मी सुती साडीत होते. आपा सलवार-कमीज आणि डोक्यावर ओढणी, रोजच्यासारख्या.

"मागच्या रांगेतून ओळखू यायला पाहिजे ना," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. त्यांना सगळे सर म्हणतात.

मी सांगितलं, आमच्या मंडळीत क्रूस गळ्यात घालत नाहीत. प्रार्थनाघराच्या भिंतीवरसुद्धा फक्त बायबलचं वचन लिहिलेलं आहे.

"कमाल आहे. ख्रिश्चन असून क्रॉसला नाही म्हणता?" सर हसले. बाकीचेही हसले.

दोरी बांधताना एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कोण?"

"आजोबांनी बाप्तिस्मा घेतला."

"ते झालं हो. त्याच्या आधीच्या?"

मी सांगितलं. आजोबा मिशनच्या दवाखान्यात झाडूकाम करायचे. वस्ती बौद्ध झाली, आजोबा ख्रिस्ती झाले.

बाई सरांकडे वळल्या. "बरं झालं, सर. त्यांचाही एक प्रतिनिधी झाला."

गाठ बसेपर्यंत मी मान खाली धरली. मी तेव्हा वर्ध्याच्या एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते. अकरा वर्षं प्रश्न विचारायचं काम केलं होतं.

आपांना तिथे मीच नेलं होतं. त्यांचं गादी-रजईचं दुकान बसस्टँडच्या मागे आहे. नवरा वारल्यापासून रुई पिंजायची मशीन त्या स्वतः चालवायच्या. दर गुरुवारी चार वाजता मी तिथे जायचे. आपा मशीन बंद करायच्या, भुवयांवरची रुई झटकायच्या आणि म्हणायच्या, "बस पेपरवाली. आज काय शिकवतं मले?"

आम्ही धर्मावर बोलायचो. आडपडदा नव्हता. येशू देवाचा पुत्र आहे आणि तारण त्याच्याशिवाय नाही, हे मी त्यांना सांगत होते. ईसा नबी होते, बेटा नव्हते, हे त्या मला सांगत होत्या.

"बाप, बेटा, पवित्र आत्मा. किती झाले?"

"एकच, आपा."

"मंग तुले मोजताच येत नाई. गादीत रुई किती भरली ते तुले इचारू नये."

एकदा मी म्हटलं, दोघींचं खरं असू शकत नाही. आपा म्हणाल्या, "मले मालूम हाय. एकजण चुकून राह्यली. मेल्यावर कळन. तवरिक चहा पी."

मला त्या ख्रिस्ती व्हायला हव्या होत्या. त्यांना मी कलमा वाचायला हवी होते. हे दोघींना माहीत होतं. आमचा संवाद एवढाच होता. हेच मंचावर बोलायचं, असं समजून आम्ही गेलो.

तिथे प्रत्येकीला एक कार्ड देण्यात आलं. दोन्हींवर एकच वाक्य होतं. "सर्व धर्म एकच सांगतात." आधी आपांनी वाचलं. बुरख्याची बाही हाताला आखूड होती. मग मी वाचलं. टाळ्या झाल्या. फोटो निघाला.

त्या संध्याकाळी बातमी मीच लिहिली. मथळा होता, "सर्वधर्म संवाद उत्साहात." त्यात मी लिहिलं की वक्त्यांनी आपापल्या धार्मिक वेशात उपस्थित राहून मनोगत व्यक्त केलं. पेटीचा उल्लेख केला नाही. बातमी फोटोसह छापून आली.

रविवारी उपासनेनंतर आमच्या प्रार्थनाघराच्या पाळकांनी मला थांबवलं. "तू ते वाक्य वाचलंस?" मी हो म्हटलं. "तुझा त्याच्यावर विश्वास आहे?" नाही म्हटलं. ते बायबल मिटून निघाले. प्रार्थनाही केली नाही.

गुरुवारी चार वाजता दुकानात गेले. मशीनवर आपांचे दीर, असलमभाई होते. आपा आत गल्ल्याजवळ बसल्या होत्या. अंगावर बुरखा होता. नवा.

असलमभाई अदबीनं बोलले. "ताई, मोहल्ले में सब पूछ रहे. स्टेज पे पहना, दुकान में काऊन नाई? क्या जवाब देना?"

बुरखा घालून मशीन चालवता येत नाही. पट्ट्यात कापड अडकतं. त्यामुळे आपा मशीनवरून उठल्या होत्या.

मी सांगितलं की तो बुरखा त्यांचा नव्हताच, पेटीतला होता.

"पेपर में तो अलग छपा है," असलमभाई म्हणाले. "आपने लिखा, ताई. झूठ है तो पेपर मेंच आने दो. मैं खुद मशीन छोड़ दूँगा."

आपांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुयाच पेपर हाय ना व?" एवढंच. चहा आला नाही.

मी त्याच रात्री दुरुस्ती लिहिली. चार ओळी. वेश आयोजकांनी दिले होते, वाक्य आयोजकांनी लिहिलं होतं, मूळ बातमी चुकीची होती, ती माझी चूक. संपादकांनी वाचली. "सरांच्या संस्थेच्या कार्यक्रमावर हे छापू?" त्यांनी कागद परत दिला. नंतर वर्षभर मी ती पुन्हा दिली नाही. गुरुवारी त्या रस्त्यानं गेले नाही.

गेल्या डिसेंबरात सरांनी बोलावलं. जानेवारीचा कार्यक्रम ठरत होता. टेबलावर तोच क्रूस होता. दोरी नवी होती.

मी म्हटलं, "घालणार नाही."

"मागच्या वेळी तर घातला होता."

"घातला होता. ते खोटं होतं. वाक्यही खोटं होतं. शमीमआपा आणि मी एकच सांगत नाही."

"म्हणजे तुम्हाला भांडणं हवीत?"

"तीन वर्षं दर गुरुवारी भांडत होतो. तुमच्या मंचावर गेलो आणि बोलणं बंद झालं."

सर म्हणाले, "तुमच्यासारख्यांना मंच दिला, हेच चुकलं." मी विचारलं, आमच्यासारख्या म्हणजे कोण? त्यांनी कार्यक्रमाचा कागद पुढे ओढला. मी क्रूस उचलून पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दैनिकाचं ओळखपत्र परत मागण्यात आलं. मी ते दिलं. त्यासोबत दुरुस्तीची पहिली प्रत दिली आणि पोच मागितली.

तेव्हापासून दर गुरुवारी मी एसटीनं वर्ध्याला जाते. आपांच्या दुकानात जायची जी वेळ होती, त्याच वेळी संपादकांच्या टेबलावर प्रत ठेवते. मजकूर तोच असतो. पोच घेते. संवादाचा कार्यक्रम यंदाही झाला. क्रूस दुसऱ्या कोणाच्या गळ्यात होता. त्याची बातमी फोटोसह आली. दुरुस्ती आलेली नाही.

मशीन असलमभाई चालवतात. आपा आत बसतात.

काल गुरुवार होता. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी मी अकरावी प्रत दिली. पोचेवर शिक्का आहे.